भाऊजींच्या डोक्यावरची फुली

रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या माझ्या घरात आजघडीला दोन खुर्च्या, एक स्टूल आणि बाथरूमचं दार यांच्यावर लाल खडूच्या फुल्या आहेत. त्या माझ्या शेवंताताईच्या नवऱ्याने, म्हणजे गुलाबराव भाऊजींनी मारलेल्या आहेत. भाऊजी चहाला येतात, बसण्याआधी बोटाच्या पेराने खुर्ची ठोकतात, कान लावतात आणि खिशातला खडू काढून तिच्या पाठीवर निकाल लिहितात. एक फुली म्हणजे नजर ठेवा. तीन फुल्या म्हणजे आजच्या आज काढून टाका. स्टुलावर तीन आहेत. मी ते काढलेलं नाही. घर माझं आहे, शिवाय मी शाळेत चाळीस पोट्ट्यांना धाकात ठेवते, तेव्हा बहिणीच्या नवऱ्याच्या खडूला मी भिणार नाही.

भाऊजी रेल्वेत कीमॅन होते. सरोना स्टेशनच्या पुढचा सहा किलोमीटरचा तुकडा त्यांच्याकडे होता. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, हातात पाना, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन रुळाच्या कडेने चालायचं, रुळाला धरून ठेवणारी कुठली चावी ढिली झाली ते ठोकून पाहायचं, घट्ट करायची आणि पुढे जायचं. रुळाच्या पोटातली चीर मात्र ठोकून कळत नाही. ती शोधायला मशीनवाले येतात आणि चीर सापडली की रुळावर लाल रंगाने फुली मारून जातात. एक फुली असली तर तिथे लोखंडी पट्टी आवळून कीमॅनने रोज नजर ठेवायची, तीन असल्या तर रूळच बदलायचा. बत्तीस वर्षांत आपल्या तुकड्यातला एकही फुलीवाला रूळ तुटला नाही, हे भाऊजी लग्नात सांगतात, मयतीत सांगतात, आणि कोणी विचारलं नाही तर विचारायला लावून सांगतात.

अडचण एवढीच, की ड्युटी संपली तरी त्यांचा हात थांबत नसे. साक्षीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं, लग्न ठरवायला आम्ही भिलाईला गेलो, तेव्हा मुलाकडच्यांनी पोहे आणेपर्यंत भाऊजींनी त्यांचं कपाट, जेवणाचं टेबल आणि जिना ठोकून घेतला होता. जिन्याची तिसरी पायरी पोकळ आहे, असं त्यांनी मुलाच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. आम्ही दोघी बहिणी मान खाली घालून परत आलो. पंधरा दिवसांनी ती पायरी मुलाच्या वडिलांसकट खाली गेली आणि त्यांनी पाय प्लास्टरमध्ये असतानाच फोन करून लग्न पक्कं केलं. चौदा एप्रिलला विहारासमोर मंडप पडतो, तेव्हा स्टेजच्या फळ्या भाऊजींनी ठोकल्याशिवाय पाहुणे वर चढत नाहीत. असा त्यांचा दबदबा होता.

या सगळ्यात एकच वस्तू मला खटकत आली. आमच्या आईचा एक कप होता, निळ्या फुलांचा. आई गेल्यावर ताईने तो आणला तेव्हा त्याच्या कानाखाली केसाएवढी चीर होती. भाऊजींनी तो चमच्याने ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला, मग ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बुडाला एक फुली मारून दिली. तेव्हापासून अकरा वर्षं ताई त्यांना त्याच कपात चहा देत होती आणि ते रोज सकाळी चमच्याने ठोकून मगच पीत होते. मला त्याचा आवाज कायम ठुस्स यायचा. पण मी बोलले की दोघंही मला म्हणायचे, तुले काय समजते.

तर गेल्या उन्हाळ्यात पडद्याचं कापड घ्यायला आम्ही तिघं पंडरीच्या कापडबाजारात गेलो. भाऊजींना कापडातलं काही कळत नाही, म्हणून ते दुकानातले रॅक ठोकत बसले. वरच्या रॅकला एक फुली द्यावी की तीन, या विचारात असतानाच त्या रॅकवरून सुटिंगच्या कापडाचं एक भलंमोठं थान, म्हणजे अख्खा तागा, घसरलं आणि त्यांच्या डोक्यावर आलं. निकाल आपोआप लागला. दुकानदार इतका घाबरला, की त्याने स्वतःच्या गाडीत घालून भाऊजींना दवाखान्यात नेलं आणि डोक्याचा फोटो काढायला लावला.

थानाने काहीच झालं नव्हतं. पण डोक्याच्या डाव्या बाजूला, आत, दुसरंच काहीतरी निघालं. मोठं मशीन झालं, दोन दिवसांनी डॉक्टरांनी बसवून सांगितलं. गाठ आहे. हळू वाढणारी आहे. कित्येक वर्षांपासून असेल, आणि बोलण्याची जागा तिच्या अगदी शेजारी आहे. ताईने माझा हात इतका आवळला, की माझी बांगडी वाढली. आम्हाला दोघींना पुढचं काही ऐकू येईना. भाऊजींनी मात्र डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, की फुल्या किती.

डॉक्टरांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या खाती जमा करते. त्यांनी सांगितलं, गुरुवारी ऑपरेशन करू. आत्ता लहान आहे, पेशंट धडधाकट आहे, अशा गाठी आज शांत असल्या तरी पुढे स्वभाव बदलतात. म्हणजे तीन फुल्या. भाऊजींनी मान डोलावली आणि जाताना दवाखान्याची फरशी बुटाने ठोकून पाहिली. ती पोकळ वाजली. या एका कारणाने त्यांनी ताईला सांगून टाकलं, की दुसरीकडे दाखवू.

दुसरा दवाखानाही रायपुरातच, पहिल्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तिथले डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी तेच फोटो पाहिले आणि म्हणाले, याला हात कशाला लावायचा? फिट नाही, डोकेदुखी नाही, माणूस ठणठणीत चालतोय. बोलण्याच्या जागेजवळ सुरी घालून असलेली वाचा घालवायची कोणी सांगितलीय? दर सहा महिन्यांनी मशीनमध्ये पाहू. वाढली तर बघू. म्हणजे एक फुली. तिथली फरशी भक्कम होती.

मग साक्षीने तेच रिपोर्ट भिलाईतल्या एका डॉक्टरांना दाखवले आणि फोनवर सांगितलं, "पापा, ये बोल रहे हैं कि पहले सुई से थोड़ा सा निकालके जाँच करेंगे, फिर सोचेंगे." यावर भाऊजी खरे चिडले. एक फुली माहीत आहे, तीन माहीत आहेत, पण सुई टोचून मग विचार करू याला कुठली फुली मारायची?

त्यांचा राग गाठीवर नव्हताच. त्यांचा राग मॅन्युअलवर होता. रेल्वेत एक पुस्तक आहे. रायपूरच्या रुळाला जेवढ्या चिरेला तीन फुल्या, तेवढ्याच चिरेला गोंदियात तीन आणि हावड्यातही तीन. आणि इथे एकच डोकं घेऊन वीस मिनिटं रिक्षात बसलं की दोन फुल्या गळून पडतात. हे त्यांनी पानवाल्याला सांगितलं, विहारात सांगितलं, शेजारच्या क्वार्टरमधल्या बिहारी फिटरला हिंदीत सांगितलं. शेवटी त्यांनी रेल्वेतला तोडगा काढला. दोन खात्यांचं मत जुळलं नाही की दोघांना एकत्र जागेवर बोलावून संयुक्त निरीक्षण करतात. भाऊजींनी दोन्ही डॉक्टरांना रविवारी सकाळी दहा वाजता क्वार्टरवर संयुक्त निरीक्षणाचं आमंत्रण दिलं. जागा म्हणजे ते स्वतः. अंघोळ करून, डोक्याला तेल न लावता, ते अंगणात खुर्चीवर बसून राहिले. ताईने बेसनाची ठेठरी तळली, जिलेबी आणली. दोन्ही डॉक्टर आले नाहीत. ती ठेठरी आम्ही गुरुवारपर्यंत खाल्ली आणि तोच गुरुवार ऑपरेशनचा होता, तो असा गेला.

त्यानंतर भाऊजींनी स्वतःच निकाल दिला. एक फुली. कारणही तयार होतं, की आपण बत्तीस वर्षं एक फुलीवाल्या रुळांच्या शेजारून चाललो, एकही तुटला नाही. मी म्हटलं, रूळ लोखंडाचा असतो. त्यावर ते म्हणाले, की साळीबाई, आपलं डोकंही काही कमी नाही, थान पडून थानच फाटलं. मला हसू आलं आणि हसल्याचा मग घरी येऊन फार राग आला. फिट आली तर रुळावरच येईल, समोरून गाडी येत असेल, हे मला दिसत होतं. ताईलाही दिसत होतं. रेल्वेच्या डॉक्टरांनाही दिसलं, त्यांनी भाऊजींना लाइनवरून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं.

स्टोअरमध्ये ठोकायला काय, नुसते हातोडेच. मग भाऊजींनी स्वतःचं डोकं ठोकायला घेतलं. सकाळी उठलं की डाव्या कानाच्या वर तीन टिचक्या, मग उजव्या कानाच्या वर तीन, आणि दोन्ही आवाजांत फरक आहे का ते ताईला ऐकायला लावायचं. ताई पोळ्या लाटता लाटता कान लावायची आणि सारखाच येतो म्हणायची. एवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण एके दिवशी स्टोअरमधला रुळाचा लाल रंग घेऊन त्यांनी आरशासमोर उभं राहून डाव्या बाजूच्या टकलावर एक फुली रंगवली. कोणी पुढेमागे डोकं उघडलंच तर बरोबर बाजूने उघडावं, म्हणून. तो रंग पावसात टिकावा असाच बनवलेला असतो. रॉकेलने गेला नाही, खोबरेल तेलाने गेला नाही. ताई त्या दिवशी माझ्याकडे आली, स्टुलावर बसली, स्टूल तिच्यासकट कलंडलं आणि ती खाली बसूनच रडली. "त्यायले वाचव वं भावना," ती म्हणाली, "मले त्यायच्या फुल्या नाई समजत."

पुढचं मी केलं. दुसऱ्याच आठवड्यात दोघांना गाडीत बसवून नागपूरला नेलं. भाऊजी फक्त एका अटीवर आले, की निकाल बदलणार नाही.

नागपूरच्या डॉक्टर इरावती मॅडम पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आवाजाने आमच्या हेडमास्तरांसारख्या. त्यांनी फोटो पाहण्याआधी टकलावरची फुली पाहिली आणि ही कोणी मारली म्हणून विचारलं. भाऊजी खुलले. मशीनवाले, पट्टी, एक फुली, तीन फुल्या, बत्तीस वर्षं, सगळं सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण मॅडमनी मधे तोडलं नाही. मग भाऊजींनी आपली तक्रार मांडली, की गाठ एक आणि दवाखान्यागणिक उपचार वेगळा, हे तुमचं कसलं खातं.

मॅडम म्हणाल्या, की तक्रार खरी आहे. पहिल्या दवाखान्यात अशी ऑपरेशनं रोज होतात, म्हणून ते गुरुवार सांगतात. दुसऱ्या दवाखान्यात बोलण्याच्या जागेजवळ हात घालायची सोय नाही, आणि सोय नसताना हात लावू नका म्हणणारा डॉक्टर प्रामाणिकच म्हणायचा. काही पेशंटांना थांबणंच बरं असतं, त्याही थांबवतात. ज्याच्या हाताला जे बसलेलं, तिकडे त्याचं मत झुकतं. भाऊजींनी विचारलं, की मग पुस्तक नाही का? पुस्तक आहे, मॅडम म्हणाल्या, पण त्यात हे सगळेच मार्ग दिलेले आहेत आणि खाली लिहिलंय, पेशंटशी बोलून ठरवा. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे असलं पुस्तक रेल्वेत असतं तर एक गाडी जवळच्या भाटापाऱ्यापर्यंतही पोचली नसती.

मग मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"गुलाबराव, एक फुलीचा रूळ तुम्ही किती दिवसांनी पाहता?"

"दिवसांनी? रोज पाहतो मॅडम. जातानी बी आन् येतानी बी."

"आणि मी तुमचं डोकं सहा महिन्यांनी पाहणार. मधे कोणी कीमॅन नाही. होळीला पाहिलेला रूळ एकदम दिवाळीलाच पाहायचा असेल, तर त्याच्यावर तुम्ही एक फुली ठेवाल?"

भाऊजींनी टेबलाचा काठ बोटाने ठोकला, हात थांबवला, आणि गाड्या कुठल्या जातात त्यावर आहे, असं काहीतरी पुटपुटले.

"सगळ्याच जातात. मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर."

"मंग नाई ठेवनार," भाऊजी म्हणाले.

मॅडमनी आणखी एक विचारलं, की तीनच्या जागी कधी तुम्ही एक मारली आहे का. भाऊजी ताडकन नाही म्हणाले. आणि मग का कोण जाणे, ताईकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं, घाबरले.

ऑपरेशन जागेपणी करायचं ठरलं. कवटीची जागा बधिर करून, पेशंटला जागं ठेवून. मॅडम गाठ काढत जाणार आणि भाऊजींनी सतत बोलत राहायचं, म्हणजे बोलण्याच्या जागेला धक्का लागला की लगेच कळेल. "ते सलग दोन-तीन तास बोलू शकतील ना?" मॅडमनी ताईला विचारलं. ताई म्हणाली, "बोलनं आमी पाहून घेऊ मॅडम. मंग थांबवनार कसं, ते तुमी सांगा."

आतलं मला नंतर नर्सने सांगितलं. भाऊजींनी आत गेल्या गेल्या टेबल ढिलं आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरंच एका बाजूने ढिलं निघालं. मग त्यांनी आपला सहा किलोमीटरचा तुकडा सुरुवातीपासून बोलायला घेतला. कुठल्या खांबाजवळ मोरी, कुठे बाभूळ, कुठे चिखलात रुळाखालचा स्लीपर खचतो, कुठल्या घरातली बाई रोज राम राम म्हणते. जाताना पूर्ण झाला, येताना अर्धा झाला. मग नाल्यावरच्या पुलाशी येऊन वाक्याच्या मधेच थांबले. मॅडमनी तिथेच हात मागे घेतला. बरीचशी गाठ निघाली होती, बोलण्याच्या जागेला चिकटलेला पातळ थर तसाच ठेवला.

शुद्धीत होते, ओळखत होते, हात हलत होते. पण शब्द येईना. तोंड उघडायचं, आणि मिटायचं. मॅडम म्हणाल्या, सूज आहे, बहुतेक येईल परत, किती दिवसांनी ते सांगता येत नाही. एक दिवस झाला, तीन झाले, आठ झाले. नागपूरच्या त्या खोलीत इतकी शांतता होती, की मला तिथे वह्याही तपासवेनात.

"मी रोज म्हनत होती ना भावना, गप बसा म्हनून," ताई मला आठव्या दिवशी व्हरांड्यात म्हणाली. "आयकलं पाय कोनी तरी." मी तिला रागावले, असं काही नसतं म्हणून. पण तिला काय सांगावं ते मलाही कळत नव्हतं. मला भाऊजींचं बोलणं हवं होतं. खुर्च्या, पायऱ्या, बत्तीस वर्षं, सगळं पहिल्यापासून ऐकायला मी तयार होते.

नवव्या दिवशी सकाळी ताईने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला आईचा कप काढला. तो तिने रायपूरहून आणला होता, मला न सांगता. थर्मासमधला चहा ओतण्याआधी तिने, जसं ते रोज घरी करायचे तसं, चमच्याने कप ठोकला. एकदा. मग त्यांच्या कानाजवळ धरून पुन्हा एकदा.

भाऊजींनी डोळे मिटले. ओठ हलले. मी वह्या बाजूला ठेवल्या.

"तीन," ते म्हणाले.

ताईचा चमचा खाली पडला. "काय म्हनलं?"

"तीन... फुल्या."

"आता झाल्या?" ताई रडतही होती आणि भांडतही होती. "परवापर्यंत तं एक होती."

भाऊजींनी मान हलवली. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, कपाळावर घाम आला, पण कोणाला मधे बोलू दिलं नाही. "पयल्यापासून."

"मंग एक काहून मारली जी?"

"तुया... मायचा... कप."

मलाही रडू आलं. आई माझीही होती. आणि रडता रडता रागही आला, कारण अकरा वर्षं मी त्याचा आवाज ठुस्स येतो म्हणत होते आणि मला काही समजत नाही असं सांगण्यात आलं होतं. ताईने मात्र पुढचा विचार केला नाही. ज्या कपाला भांडीवाल्या बाईला हात लावू दिला नाही, तो तिने उचलला आणि कोपऱ्यातल्या पिवळ्या डब्यात टाकून दिला. आवाजाने नर्स आली आणि पिवळ्या डब्यात फक्त दवाखान्याचा कचरा टाकायचा असतो म्हणून आम्हा दोघींना बोलली.

आता भाऊजी रायपुरात आहेत. बोलणं आलं, जवळजवळ सगळं. चमच्याला कधी पाना म्हणतात, एवढंच. स्टोअरमध्ये जातात. उरलेल्या थरावर मॅडमनी एक फुली ठेवली आहे आणि दर तीन महिन्यांनी नागपूरला मशीनमध्ये जावं लागतं. मधले नव्वद दिवस ताईने घेतले आहेत. रोज सकाळी चहा ठेवला की ती त्यांच्या मागे उभी राहते, बोटाच्या पेराने डाव्या कानाच्या वर तीनदा ठोकते, कान लावून ऐकते. मी एकदा म्हटलं, ताई, याने काही कळत नाही. ती म्हणाली, मले मालूम हाय. आणि त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला.